लाईट गेली, कॉपी अर्ध्यात तुटली : घरच्या फाइल सर्व्हरची तपासणी कुठून सुरू करायची

लॅपटॉपवरून सर्व्हरवर लग्नाचं ६०-७० जीबी शूटिंग चाललंय, हिरवी पट्टी निम्म्यावर आलीय आणि लाईट जाते. दहा मिनिटांनी परत येते. सगळं पुन्हा चालू केल्यावर खालीलपैकी एखादं, बऱ्याचदा दोन-तीन लक्षणं एकदम दिसतात.

- विंडोजवर ‘द स्पेसिफाइड नेटवर्क नेम इज नो लाँगर अव्हेलेबल’ असा निरोप येतो आणि सर्व्हरचा ड्राइव्ह लाल फुलीसह दिसतो.
- सर्व्हर दिसतो, फोल्डरही उघडतं, पण आत काहीच नाही.
- जुन्या फाइली वाचता येतात. नवीन काही टाकायला गेलं की परवानगी नाकारली जाते.
- अर्धवट राहिलेली फाइल उघडत नाही आणि डिलीटही होत नाही. ‘दुसऱ्या कुणीतरी उघडली आहे’ असं येतं.
- फाइलचा आकार पूर्ण दिसतो, पण व्हिडिओ चालत नाही. किंवा फोटोचा वरचा भाग नीट आणि खालचा करडा.
- ‘डिस्क फुल’ येतं, आणि हिशेबाने तर बरीच जागा शिल्लक असायला हवी.
- सगळं चालतं, पण आधी सेकंदाला १०० एमबीच्या पुढे जाणारा वेग आता ११ वर अडकलाय.
- डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक आवाज येतो. हे लक्षण असेल तर सर्व्हर आत्ताच बंद करा आणि थेट शेवटचा भाग वाचा. मधलं काहीही करू नका.

इथे गृहीत धरलेला सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक), त्यावर डेबियन, उबुंटू किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट यांपैकी एखादी लिनक्स प्रणाली, साम्बाने (लिनक्सवरच्या फाइली विंडोजला दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) शेअर केलेली आणि ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेली डिस्क. लातूर-नांदेडकडे फोटो स्टुडिओत, क्लासेसमध्ये आणि आडतीच्या दुकानात बहुतेक हीच मांडणी असते. तयार एनएएस डबा (नेटवर्कवर फाइली ठेवायलाच बनवलेलं उपकरण) असेल तर तपासण्यांचा क्रम हाच. फक्त कमांडऐवजी त्याच्या पडद्यावरची बटणं वापरायची. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं घ्या.

हात लावण्याआधी

कॉपी तुटल्यामुळे डिस्कवरचा जुना डेटा सहसा बिघडत नाही. बिघडतो तो नंतरच्या अर्ध्या तासात, घाईने केलेल्या गोष्टींमुळे. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत तीन गोष्टी टाळा.

कॅमेऱ्याचं कार्ड किंवा लॅपटॉपवरची मूळ फाइल पुसू नका. ती शाबूत असेल तर बाकी सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. डिस्क काढून विंडोजला लावली आणि त्याने ‘फॉरमॅट करायचं का’ विचारलं, तर ‘नाही’ म्हणा. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही म्हणून तो असं विचारतो. त्यावरून डिस्क गेली असा अर्थ काढू नका. आणि तीच फाइल तिथेच पुन्हा पेस्ट करू नका. असं का, ते अर्धवट फाइलींच्या भागात आहे. सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं, म्हणून तो भाग लांबला तरी सावकाश वाचा.

१. लाईट कुणाची गेली होती?

ही तपासणी फुकट आहे आणि निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच उलगडतात. सर्व्हर, राउटर, स्विच आणि लॅपटॉप ही चार उपकरणं वेगवेगळ्या बोर्डांवर असतात. यातलं कोणतं इन्व्हर्टरवर आहे आणि कोणतं थेट लाईटवर, ते एकदा कागदावर लिहा. सर्व्हर इन्व्हर्टरवर आणि राउटर पुढच्या खोलीत साध्या बोर्डावर, ही चूक घरोघरी दिसते. सर्व्हर चालू राहतो, पण मधला रस्ता बंद पडतो आणि कॉपी तुटते. अशा वेळी डिस्कची तपासणी करण्याचं कारणच नाही. थेट पाचव्या भागावर जा.

लॅपटॉपचंही पाहा. लाईट गेली की तो बॅटरीवर येतो, आणि बॅटरीवर असताना काही मिनिटांत झोपायची सेटिंग बहुतेक लॅपटॉपवर मूळचीच असते. राउटर, सर्व्हर दोन्ही इन्व्हर्टरवर असूनही दर वेळी लाईट गेल्यावर पाच-दहा मिनिटांनी कॉपी तुटत असेल, तर कारण हेच. पॉवर सेटिंगमध्ये ‘बॅटरीवर असताना स्लीप’ हे ‘कधीच नाही’ करा आणि मोठी कॉपी संपेपर्यंत झाकण लावू नका.

मग केबल. स्विचवरचे दिवे बघा, आणि सर्व्हरवर इथटूल ही कमांड नेटवर्क कार्डाच्या नावासह चालवा. ‘स्पीड’समोर १००० यायला हवं. १०० आलं तर केबलच्या आठपैकी एखादी तार तुटली आहे. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही जोड्या लागतात. म्हणून एक तार गेली की कनेक्शन बंद न पडता गुपचूप १०० वर उतरतं. सेकंदाला ११ एमबीचा वेग म्हणजे हेच. माळवदावरून किंवा पत्र्यावरून ओढलेली केबल दोन उन्हाळ्यांत कडक होते आणि क्लिपजवळच तुटते. स्वस्त केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, ते तर वाकवल्यावरच जातं. टोकाची दोन इंच कापून नवीन आरजे-४५ क्लिप मारा. क्लिप मारणारा जवळ नसेल तर दुसरी तयार केबल लावून बघा.

२. सर्व्हरचा पत्ता बदलला का?

लाईट आल्यावर सर्व्हर आणि राउटर एकदम चालू होतात. राउटरला उठायला दीड-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात सर्व्हरने आयपी पत्ता मागून बघितला आणि मिळाला नाही, तर तो १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो किंवा पत्त्याविना राहतो. कधी नवाच पत्ता मिळतो आणि लॅपटॉप जुन्या पत्त्यावर शोधत बसतो.

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. सर्व्हर नसेल तर त्याला एकदा नीट रीस्टार्ट द्या. बटण दाबून धरून बंद करू नका. कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या कायमच्या क्रमांकाला) एक आयपी राखून ठेवणं. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि पुन्हा करावं लागत नाही.

३. फोल्डर रिकामं दिसतंय : डिस्क लागली आहे का?

हे लक्षण दिसलं की माणूस हादरतो. बहुतेक वेळा डेटा जागेवर असतो, फक्त डिस्क माउंट झालेली नसते. लिनक्समध्ये डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर चढवतात. डिस्क चढली नाही तर ते फोल्डर तसंच उरतं आणि साम्बा तेच दाखवतो.

एलएसबीएलके चालवा. डिस्कचं नाव आणि आकार यादीत आहे, पण ‘माउंटपॉइंट’चा रकाना मोकळा आहे, असं दिसलं तर डिस्क जिवंत आहे आणि फक्त चढवायची राहिली आहे. ‘सुडो माउंट -ए’ द्या. एरर आला तर तो लिहून घ्या आणि सातव्या भागावर जा. यादीत डिस्कच नसेल तर तिची केबल आणि अ‍ॅडॉप्टर बघा.

रिकाम्या फोल्डरमध्ये ‘बघू चालतं का’ म्हणून कॉपी सुरू करू नका. ती कॉपी डिस्कवर न जाता सिस्टिमच्या ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर जाते, कार्ड भरतं आणि सर्व्हर पुढच्या वेळी नीट उठतच नाही. शिवाय नंतर डिस्क चढली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. ना दिसतात, ना जागा सोडतात. हे कायमचं टाळायला डिस्क चढलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सुडो सीएचएटीटीआर +आय’ द्या. मग डिस्क नसताना तिथे कुणालाच लिहिता येत नाही, आणि डिस्क चढल्यावर काही अडत नाही. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे चढवायची याच्या यादीत) डिस्क एसडीए, एसडीबी अशा नावाने न लिहिता यूयूआयडीने (तिच्या स्वतःच्या न बदलणाऱ्या क्रमांकाने) लिहा, कारण दोन डिस्क असतील तर ही नावं रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात. सोबत ‘नोफेल’ लिहा, म्हणजे एखादी डिस्क नसली तरी सर्व्हर सुरू होतो.

४. जागा

‘डीएफ -एच’ आणि ‘डीएफ -आय’ दोन्ही बघा. पहिली जागा सांगते, दुसरी फाइलींची संख्या संपली का ते सांगते. ईएक्सटी४ तयार होतानाच ५ टक्के जागा रूट (प्रशासक) वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. ४ टीबीच्या डिस्कवर ती सुमारे २०० जीबी होते. फक्त डेटा ठेवायच्या डिस्कवर एवढं राखीव लागत नाही. ‘सुडो ट्यून२एफएस -एम १’ आणि पुढे विभाजनाचं (पार्टिशनचं) नाव दिलं की १ टक्का उरतो.

साम्बाची रिसायकल सोय चालू असेल तर डिलीट केलेल्या अर्धवट फाइली लपलेल्या रिसायकल फोल्डरात साठत जातात. आरसिंकची (लिनक्सवरच्या कॉपीच्या कमांडची) कॉपी वीज जाऊन तुटली असेल तर टिंबाने सुरू होणारी, शेवटी सहा अगम्य अक्षरं असलेली लपलेली फाइल मागे राहते. दोन्ही ‘एलएस -एलए’ ने दिसतात.

आणखी एक : कॉपी दर वेळी बरोबर ४ जीबीवरच थांबत असेल तर लाईटचा दोष नाही. डिस्क एफएटी३२ आहे आणि त्यात ४ जीबीची फाइल मावतच नाही.

५. फाइल अडकली आहे, डिलीट होत नाही

लॅपटॉप अचानक नेटवर्कवरून गेला तर सर्व्हरला ते लगेच कळत नाही. त्याच्या हिशेबी ती फाइल अजून कुणीतरी लिहितंय, म्हणून तो दुसऱ्याला हात लावू देत नाही. ‘सुडो एसएमबीस्टेटस’ चालवलं की कोणत्या आयपीने कोणती फाइल उघडून ठेवली आहे ते दिसतं. लॅपटॉपच्या बाजूने मेलेलं सत्र तिथे जिवंत असतं.

दुसरं कुणी सर्व्हर वापरत नसेल तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी’ द्या. पाच सेकंदांत सगळी सत्रं तुटतात. दुसऱ्या टेबलावर एडिटिंग चालू असेल तर असं करू नका, त्यांचं काम तुटेल. एसएमबीस्टेटसमध्ये त्या सत्रासमोर दिसणारा तेवढाच पीआयडी (चालू प्रक्रियेचा क्रमांक) किल करा. लॅपटॉपच्या बाजूलाही जुनं कनेक्शन अडकून राहतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज’ आणि पुढे ड्राइव्हचं अक्षर व ‘/डिलीट’ देऊन ते काढा आणि ड्राइव्ह नव्याने जोडा.

६. अर्धवट फाइली शोधणं

विंडोज मोठी फाइल पाठवताना आधी सर्व्हरला सांगतो की ही फाइल ११ जीबीची आहे. सर्व्हर तेवढ्या आकाराची नोंद करतो आणि मग डेटा ओतायला सुरुवात होते. साम्बाच्या मूळ सेटिंगमध्ये जागा आधीच भरून घेतली जात नाही. त्यामुळे ६ जीबीवर लाईट गेली तर फाइलचा आकार ११ जीबीच दिसतो, आत मात्र ६ जीबी डेटा आणि पुढे पोकळी. एरवी कॉपी रद्द केली की विंडोज ती अर्धी फाइल पुसून टाकतो. नेटवर्कच गेल्यावर पुसायला पोचू शकत नाही.

आता तुम्ही पूर्ण फोल्डर पुन्हा पेस्ट करता. विंडोज विचारतो की याच नावाच्या ३१२ फाइली तिथे आहेत, बदलायच्या की सोडायच्या? वेळ वाचवायला ‘स्किप’ दाबलं की विंडोज नाव बघून त्या ३१२ फाइली सोडतो. त्यात ती पोकळ फाइलही आली. काम ‘पूर्ण’ होतं, आकारही जुळतो, कार्ड फॉरमॅट होतं. दोन महिन्यांनी अल्बमवाले फाइल मागतात तेव्हा ती उघडत नाही. म्हणून आधी अर्धवट फाइली बाजूला काढा, मगच पुन्हा कॉपी.

शोधायचं असं. सर्व्हरवर त्या फोल्डरात जाऊन ‘फाइंड . -टाइप एफ -सीमिन -१८०’ द्या. गेल्या १८० मिनिटांत डिस्कवर आलेल्या किंवा बदललेल्या फाइली मिळतात. ही वेळ लिनक्सची स्वतःची नोंद असते, त्यामुळे फाइलवर शूटिंगची जुनी तारीख असली तरी फरक पडत नाही. मग संशयित फाइलीवर ‘एलएस -एलएच’ आणि ‘डीयू -एच’ दोन्ही चालवा. एलएस ११ जीबी म्हणतं आणि डीयू ६.३ जीबी, म्हणजे फाइल पोकळ आहे. दोन्ही जवळपास सारखे असतील तर फाइल बहुधा पूर्ण आहे, पण ‘बहुधा’च. ही तुलना विंडोजच्या प्रॉपर्टीज खिडकीत न करता सर्व्हरवरच करा.

फक्त राउटर बंद पडला असेल तर त्या वेळी चालू असलेली फाइल तपासली की पुरतं. सर्व्हरचीच वीज गेली असेल तर आधीच्या अर्ध्या मिनिटात ‘पूर्ण’ झालेल्या फाइलीही संशयित धरा. लिनक्स आलेला डेटा आधी रॅममध्ये ठेवतो आणि साधारण ३० सेकंदांच्या आत सवडीने डिस्कवर उतरवतो. लॅपटॉपला काम संपलं असं कळलेलं असतं, डिस्कवर मात्र काहीच पोचलेलं नसतं. फोटोंच्या कॉपीत एवढ्या वेळात शंभर-दोनशे फाइली होऊन जातात. शून्य बाइटच्या फाइली ‘फाइंड . -साइझ ०’ ने सापडतात. त्या यातूनच आलेल्या असतात.

खात्री करायची तर मूळ फाइल आणि प्रत यांची बेरीज (चेकसम, म्हणजे फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारा ठसा) जुळवा. विंडोजवर ‘सर्टयूटिल -हॅशफाइल’, फाइलचं नाव आणि एसएचए२५६. सर्व्हरवर ‘एसएचए२५६सम’ आणि फाइलचं नाव. येणारी ६४ अक्षरं तंतोतंत जुळली तर प्रत मूळासारखी आहे. पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं डोळ्यांनी जुळवली तरी व्यवहारात चालतं. कॅमेऱ्याच्या एमपी४ फाइलीत अनुक्रमणिका सहसा शेवटी असते, म्हणून शेपूट तुटलेला व्हिडिओ अजिबातच उघडत नाही. जेपीईजी वरून खाली वाचला जातो, म्हणून त्याचा खालचा भाग करडा होतो. मूळ कार्ड हातात असेल तर अशा फाइली दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका, नव्याने कॉपी करा.

पोकळ फाइल पुसण्याआधी तिचं नाव बदला, शेवटी ‘_अर्धी’ लावा. मूळ प्रत कुठेच सापडली नाही तर हे ६ जीबीच उपयोगी पडतील.

पुन्हा कॉपी करताना मोठ्या कामाला एक्सप्लोररपेक्षा रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपीची कमांड) बरं. स्रोत, गंतव्य आणि पुढे ‘/ई /झेड /आर:५ /डब्ल्यू:१०’ द्या. ‘/झेड’ मुळे तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे सरकते. ‘/आर’ आणि ‘/डब्ल्यू’ द्यायला विसरू नका. न दिल्यास रोबोकॉपी एकेका फाइलीवर १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करत बसतं. लिनक्सवरून लिनक्सवर असेल तर ‘आरसिंक -एव्हीपी’, यातला शेवटचा पी मोठ्या लिपीतला. कट-पेस्ट मात्र कधीच नाही. आधी कॉपी, मग तपासणी, मग पुसणं.

एक बारकी गोष्ट : रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत घड्याळाची बॅटरी नसते, आणि जुन्या डेस्कटॉपची सीआर२०३२ बटण बॅटरी बहुधा संपलेली असते. वीज आल्यावर इंटरनेट मिळेपर्यंत सर्व्हर जुन्या वेळेत जगतो. त्या काळात तयार झालेल्या फाइलींवर जुनी तारीख पडते, आणि तारीख बघून चालणारं सिंक सॉफ्टवेअर नवीन फाइलीवर जुनी फाइल चढवू शकतं. सिंक सुरू करण्याआधी ‘डेट’ कमांडने वेळ बघा.

७. वाचता येतं, लिहिता येत नाही

ईएक्सटी४ ला स्वतःच्या नोंदींत विसंगती सापडली की ती बऱ्याच मांडण्यांत डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवते. पुढचं नुकसान थांबवायला तिने लावलेलं हे कुलूप आहे. ‘सीएचमॉड ७७७’ मारून किंवा साम्बाच्या परवानग्या बदलून ते उघडत नाही. उलट आधीच्या नीट परवानग्या बिघडतात. ‘सुडो डीएमईएसजी’ च्या शेवटच्या पन्नास ओळी बघा. ‘आय/ओ एरर’ असेल तर आधी आठवा भाग. फक्त ‘ईएक्सटी४-एफएस एरर’ आणि ‘रीमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली’ असेल तर पुढे जा.

आधी, वाचता येतंय तोवर, सगळ्यात महत्त्वाची फोल्डरं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. मग साम्बा बंद करा, डिस्क अनमाउंट करा, आणि एलएसबीएलके मध्ये माउंटपॉइंट खरंच मोकळा आहे याची खात्री करा. चढलेल्या डिस्कवर दुरुस्ती चालवली तर दोघं एकाच वेळी त्याच वहीत लिहितात आणि चांगला डेटाही फाटतो. पहिल्यांदा ‘सुडो ई२एफएससीके -एफ -एन’ आणि विभाजनाचं नाव. ‘-एन’ असल्यामुळे ते फक्त बघतं, बदलत काही नाही. दहा-वीस तक्रारी आल्या तर वीज गेल्यानंतर एवढं होतंच; ‘-एफ -वाय’ देऊन दुरुस्त करा. शेकडो ओळी पळायला लागल्या, किंवा ‘सुपरब्लॉक’ (फाइलसिस्टिमची मुख्य नोंद) खराब असल्याचं आलं, तर ‘-वाय’ देऊ नका, थांबा. दुरुस्तीनंतर बेवारस सापडलेले तुकडे ‘लॉस्ट+फाउंड’ मध्ये नुसत्या क्रमांकांच्या नावाने मिळतात.

डिस्क एनटीएफएस असेल तर लिनक्सवर दुरुस्तीचा आग्रह धरू नका. ती विंडोजला लावून ‘सीएचकेडीएसके /एफ’ चालवा.

८. डिस्क, तिची केबल आणि तिला मिळणारी वीज

‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ आणि डिस्कचं नाव. यूएसबी डब्यातल्या डिस्कला मध्ये ‘-डी सॅट’ लागू शकतं. डिस्कच्या तब्येतीची यादी येते, तिच्यातल्या पाच ओळींचा शेवटचा आकडा बघायचा. १९९ क्रमांक म्हणजे केबलवर बिघडलेले निरोप. तो वाढत असेल तर साटा केबल बदला, डिस्क बदलू नका. तो आकडा कधी शून्य होत नाही, म्हणून आज लिहून ठेवा आणि आठवड्याने वाढला का ते बघा. ५, १९७ आणि १९८ हे डिस्कच्या पृष्ठभागाचे. १९७ मध्ये शून्याऐवजी काही दिसलं तर तेवढे भाग वाचता येत नाहीत. अशा डिस्कवर ई२एफएससीके चालवू नका, आधी डेटा उतरवा. १९४ हे तापमान. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेरच ४२-४३ असतं, बंद कपाटातल्या डिस्कची पन्नाशी सहज ओलांडते. कपाटाचं दार काढा आणि डब्याला छोटा पंखा लावा.

रास्पबेरी पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. दोन पोर्टेबल डिस्क लावल्या की एक मध्येच सुटते आणि कॉपी तुटते. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ चं उत्तर ‘०एक्स०’ हवं. दुसरं काही आलं तर बोर्डाला वीज कमी पडली आहे किंवा तो जास्त तापला आहे. डिस्कसाठी स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब लावा.

दोन डिस्कची रेड (दोन्हींवर तोच डेटा ठेवणारी जोडी) असेल तर ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’ बघा. ‘रीसिंक’ चालू असेल तर काही करू नका, होऊ द्या. ४ टीबीला बरेच तास लागतात. ‘यूयू’ ऐवजी ‘यू_’ दिसलं तर एक डिस्क बाहेर पडली आहे. ती का पडली हे वरच्या तपासणीतून कळेपर्यंत परत जोडू नका, आणि कोणती चांगली याची खात्री नसताना तर मुळीच नाही.

हे पुन:पुन्हा होत असेल तर

इन्व्हर्टरच्या मागचं किंवा पुढचं छोटं बटण बघा : एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. नॉर्मलवर लाईटवरून बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो; पंखा-दिव्याला ते कळत नाही, संगणक मात्र रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर करा. मग रब्बीत मोटारी सुरू झाल्यावर व्होल्टेज पडलं की इन्व्हर्टर लवकर बॅटरीवर जाईल आणि बॅटरी जास्त वापरली जाईल. ते सोसत नसेल तर इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवून सर्व्हरपुरता वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत बसते. महिन्यातून एकदा प्लग काढून सर्व्हर किती मिनिटं तगतो ते बघा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस पुरतो. यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला जोडून एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवलं तर बॅटरी संपण्याआधी सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. एवढी एक सोय केली तरी सातवा भाग बहुधा वाचावा लागणार नाही.

सर्व्हरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग गेलं आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि संपर्क सुटतो. खड्ड्यात पाणी ओतल्यावर फरक पडला तर कारण तेच. पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं. बोर्ड स्वतः उघडू नका. अवकाळीत वीज कडाडायला लागली की दोन घरांमधून किंवा गच्चीवरून गेलेली लॅन केबल दोन्ही टोकांना काढून ठेवा. स्विचचे पोर्ट जातात ते बहुधा या केबलमधूनच.

इथे थांबायचं आणि जाणकाराकडे जायचं

डिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज. डिस्क फिरते पण आकार शून्य दाखवते. १९७ चा आकडा तासागणिक वाढतोय. ई२एफएससीके सुपरब्लॉकवर अडलंय. रेडच्या दोन डिस्क एकदम बाहेर पडल्यात. किंवा जळका वास आलाय. यापैकी काहीही असेल आणि त्या डेटाची दुसरी प्रत नसेल, तर वीज काढा. ‘एकदा अजून चालू करून बघू’ यात दर वेळी डिस्कचं वाचणारं डोकं (हेड) पृष्ठभागावर घासत असतं आणि जे निघण्यासारखं होतं तेही जातं. डिस्क फ्रीजमध्ये ठेवू नका, झाकण उघडू नका, तिची सर्किटची पाटी दुसऱ्या डिस्कवरून आणून लावू नका. बहुतेक नव्या डिस्कची पाटी त्याच डिस्कसाठी जुळवलेली असते.

गल्लीतल्या संगणक दुकानाला विंडोज टाकणं आणि भाग बदलणं जमतं. आवाज करणारी डिस्क उघडायला धूळमुक्त खोली लागते, आणि तसं काम करणाऱ्यांसाठी बहुधा पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं. देण्याआधी विचारा : तपासणीचे पैसे किती, डेटा निघाला नाही तर किती, आणि काम मूळ डिस्कवर करणार की तिची प्रत काढून? ‘मूळ डिस्कवरच’ असं उत्तर आलं तर डिस्क परत घ्या.

डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती फोम देऊन पाठवा. सोबत एक चिठ्ठी ठेवा : फाइलसिस्टिम कोणती, रेड होती का आणि कोणती डिस्क कितव्या जागेवर, लाईट कधी गेली, नंतर कोणत्या कमांड कोणत्या क्रमाने चालवल्या. चुकून काही चालवलं असेल तर तेही लिहा. आणि कोणती फोल्डरं आधी हवीत ती नावानिशी द्या, कारण डिस्क अर्ध्यात बसली तर तेवढ्यात निघालेला डेटा तुमच्या कामाचा असायला हवा.